संहितेविना प्रॉम्प्टर

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या वर्गांत कौशल्याधिष्ठित अभ्यासक्रमांना स्वतंत्र श्रेयांक मिळाले. तेव्हापासून मराठी विभागांपुढे एक जुनाच प्रश्न नव्या वेशात उभा आहे: भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्यांनी नेमके कोणते ‘कौशल्य’ बाजारात मांडायचे? मुद्रितशोधन, जाहिरातलेखन, सूत्रसंचालन, अनुवाद ही आजवरची उत्तरे होती. त्यांच्या पंगतीत आता एक नवे पान वाढले गेले आहे, ते ‘कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी प्रॉम्प्ट-लेखन’ या नावाचे. दोन श्रेयांक, तीस तास, शेवटी प्रमाणपत्र. विद्यार्थी आनंदाने प्रवेश घेतात, प्राचार्य समाधानी असतात आणि विभागाचा कार्यभार वाचतो. सगळ्यांचेच भले होत असताना आम्ही तक्रार का करावी?

तक्रार आहे, आणि ती आधीच स्पष्ट करून ठेवतो, म्हणजे गैरसमज नको. आमचा यंत्राला विरोध नाही. विद्यार्थ्याने यंत्राला प्रश्न विचारू नये असेही आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप एवढाच आहे की विचारण्याची विद्या ही जाणण्याच्या विद्येपासून तोडून, सुटी करून, पुड्या बांधून विकता येते, हा जो समज या अभ्यासक्रमांच्या मुळाशी आहे तो खोटा आहे. आणि तो खोटा असल्याचे सर्वांत आधी ज्यांना कळायला हवे ते साहित्याचे अध्यापकच त्याला मान तुकवत आहेत.

या वर्गांत शिकवले जाते ते काय, हे आधी पाहू. चांगल्या प्रॉम्प्टची अंगे सांगितली जातात: भूमिका, कार्य, संदर्भ, स्वरूप, मर्यादा. मग नमुने येतात. ‘तू मराठीतील एक नामवंत समीक्षक आहेस. अमुक कादंबरीवर पाचशे शब्दांत समीक्षा लिही. भाषा साहित्यिक असावी. तीन उपशीर्षके द्यावीत.’ पुढच्या तासाला ‘परिष्करण’: उत्तर आवडले नाही तर ‘अधिक सखोल कर’, ‘अधिक भावस्पर्शी कर’, ‘शंभर शब्दांनी कमी कर’ असे सांगावे. सत्राच्या शेवटी परीक्षा, आणि परीक्षेत प्रश्न येतो: ‘उत्तम प्रॉम्प्टची पाच वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा.’ विद्यार्थी ती पाठ करून लिहितो. ज्या यंत्राने पाठांतराचे ओझे कायमचे उतरवले असे सांगितले जाते, त्याच्याशी बोलायचे नियम आपण पाठ करून घेतो आहोत, ही विसंगती कोणाला बोचत नाही. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर जुन्या गाईडाच्या जागी नवे गाईड आले, एवढाच फरक पडला.

‘प्रॉम्प्ट’ हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. संगणकाच्या कितीतरी आधी तो नाटकाबरोबर आपल्याकडे आला आणि रुळला. विंगेत उभा राहून, हातात संहिता धरून, नटाला अडलेले वाक्य दबक्या आवाजात पुरवणारा तो प्रॉम्प्टर. हौशी नाट्यसंस्थांत काम केलेल्या कोणालाही हे ठाऊक असते की त्या माणसाला सबंध नाटक माहीत असावे लागते. कुठे विराम हेतुपुरस्सर आहे आणि कुठे नट खरोखरच विसरला आहे, हे त्याला क्षणात ओळखावे लागते. नटाने घेतलेल्या विरामात घाईने वाक्य पुरवणारा प्रॉम्प्टर नाटकाचा सत्यानाश करतो. थोडक्यात, प्रॉम्प्ट देण्याचा अधिकार संहिता हातात असणाऱ्याचा आहे. आता नव्या व्यवस्थेत काय झाले आहे ते बघा. रंगमंचावर यंत्र अखंड बोलते आहे, ते कधी अडत नाही, आणि विंगेत उभ्या असलेल्या आमच्या विद्यार्थ्याच्या हातात संहिताच नाही. तो काय पुरवणार? तो फक्त ‘अजून बोल’ एवढेच म्हणू शकतो. ‘अधिक सखोल कर’ याचा अर्थ त्याहून वेगळा काही होत नाही.

येथे यंत्राचे काम कसे चालते याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण आमचे अनेक सहकारी त्याविषयी एकतर गूढ आदर बाळगतात किंवा गूढ भीती. भाषेचे हे प्रारूप प्रचंड मजकुरावर घडवलेले असते, आणि समोर असलेल्या शब्दांनंतर कोणता तुकडा येणे अधिक संभवनीय आहे याचा अदमास घेत ते वाक्य पुढे नेते. पुढे माणसांनी दिलेल्या पसंतीनुसार त्याला वळण लावलेले असते, म्हणून ते संवाद करते असे वाटते. प्रॉम्प्ट म्हणजे त्या संभवनीयतेला दिलेली दिशा. २०२० मध्ये असे दिसून आले की मोठ्या प्रारूपाला दोन-चार नमुने दाखवले की ते त्या धर्तीचे काम करू लागते. २०२२ मध्ये असे आढळले की ‘पायरीपायरीने विचार कर’ एवढे म्हटल्याने गणिती कोड्यांची उत्तरे सुधारतात. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि या युक्त्यांची पुस्तके, चित्रफिती, प्रमाणपत्रे यांचा पूर आला. पण सप्टेंबर २०२४ पासून अशी प्रारूपे येऊ लागली की जी उत्तरापूर्वी स्वतःच पायऱ्या मांडतात. त्यांच्या बाबतीत ती जुनी युक्ती अनावश्यक ठरली, आणि ती वापरू नका असे सांगण्याची वेळ खुद्द निर्मात्यांवर आली.

म्हणजे एका प्रसिद्ध युक्तीचे आयुष्य सुमारे दोन वर्षे. आमच्या विद्यापीठीय व्यवस्थेत एखादा अभ्यासक्रम अभ्यासमंडळातून निघून विद्वत् परिषदेपर्यंत पोचतो, मंजूर होतो, छापला जातो आणि वर्गात उतरतो, त्याला किती काळ लागतो हे वाचकांना सांगायला नको. युक्ती मेल्यानंतर तिचे श्राद्ध घालण्याचे काम तेवढे आमच्याकडे उरेल. जे कौशल्य यंत्र दर सहामाहीला स्वतःच गिळून टाकते, त्याला कौशल्य म्हणून प्रमाणपत्र देणे ही विद्यार्थ्याची फसवणूक आहे. जे टिकते ते वेगळेच आहे: आपल्याला काय हवे आहे हे नेमके ठाऊक असणे, ते नेमक्या शब्दांत मांडता येणे, आणि समोर आलेले तसे आहे की नाही हे ओळखता येणे. या तिन्ही गोष्टींना आजवर आपण वाचन, लेखन आणि समीक्षा अशी साधी नावे देत आलो.

आता परिष्करणाकडे वळू, कारण वादाचा खरा मुद्दा तेथेच आहे. बहिणाबाई चौधरींचे उदाहरण घेऊ. त्या निरक्षर होत्या. त्यांच्या रचना घरच्या माणसांनी टिपून ठेवल्या आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ या नावाने त्या पुस्तकरूपाने आल्या. आमच्या वर्गात ‘बहिणाबाईंच्या कवितेतील शेतीजीवन’ या विषयावर यंत्राच्या साहाय्याने टिपण करण्यास सांगितले असता बहुसंख्य विद्यार्थ्यांकडे जवळजवळ एकच टिपण आले. निसर्गाशी एकरूपता, जीवनाचे तत्त्वज्ञान, साधी पण अर्थगर्भ भाषा, ग्रामीण स्त्रीचे भावविश्व. यात चूक एकही नाही आणि बहिणाबाईही कोठे नाहीत. हेच चार परिच्छेद नावे बदलून अन्य कोणत्याही ग्रामीण कवीला लावता येतील. मग परिष्करण सुरू झाले. ‘अधिक साहित्यिक कर’ म्हटल्यावर विशेषणे वाढली. ‘अधिक सखोल कर’ म्हटल्यावर परिच्छेद वाढले. ‘उदाहरणे दे’ म्हटल्यावर यंत्राने काही ओळी दिल्या. त्यांपैकी काही संग्रहात आहेत, काही कोठेच नाहीत. ज्यांनी पुस्तक उघडले नव्हते त्यांना हा भेद दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

त्याच वर्गात जळगावकडची एक विद्यार्थिनी होती. तिच्या घरात लेवा बोली बोलली जाते. तिने यंत्राला विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. एक शब्द घेऊन तिने विचारले की आमच्याकडे हा शब्द पेरणीच्या वेळी एका विशिष्ट अर्थाने वापरतात, तू त्याचा अर्थ वेगळा सांगतोस, तो कशावरून? यंत्राने लगेच माघार घेतली आणि तिचेच म्हणणे बरोबर असल्याचे सांगितले. तिने पुढे विचारले, मी म्हटले म्हणून बरोबर, की तुझ्याकडे काही आधार आहे? या दुसऱ्या प्रश्नाला आम्ही परिष्करण म्हणतो. हा प्रश्न कोणत्याही सूत्रात बसत नाही. तो तिला सुचला याचे कारण तिच्याकडे घरची भाषा होती, समोर पुस्तक होते आणि सहज मिळालेल्या होकारावर विश्वास न ठेवण्याची वृत्ती होती. यांपैकी पहिली गोष्ट घराने दिली. उरलेल्या दोन देणे हे आमचे काम आहे, आणि ते तीस तासांच्या सूत्रपाठाने होत नाही.

मराठीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे सुमारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. पण यंत्रांना जो मजकूर खाऊ घातला जातो त्या महाजालावरील मजकुरात मराठीचा वाटा एका टक्क्याच्या दशांशाइतकाही नाही. इंग्रजी विकिपीडियात साठ लाखांहून अधिक लेख आहेत, मराठीत एक लाखाच्या आसपास. लिपीच्या पातळीवरही विषमता आहे. प्रचलित यूटीएफ-८ संकेतपद्धतीत साध्या रोमन अक्षराला एक बाइट पुरते, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. ‘क्ष’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर, संगणकाच्या हिशेबी क, हलन्तचिन्ह आणि ष अशी तीन चिन्हे, म्हणजे नऊ बाइट. यंत्र मजकुराचे जे तुकडे पाडून तो हाताळते ते मराठीत अधिक बारीक पडतात. अलीकडच्या प्रारूपांत हे बरेच सुधारले आहे हे मान्य, पण वाचलेल्या मजकुराची उणीव तुकड्यांच्या सुधारणेने भरून निघत नाही.

परिणाम काय होतो? यंत्राची मराठी शुद्ध असते, पण ती कोणाचीच नसते. तिच्यात ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’, ‘च्या माध्यमातून’, ‘विविध पैलूंवर प्रकाश टाकते’ यांची रेलचेल असते. वाक्याची चाल इंग्रजीची, शब्द अर्धेअधिक हिंदीच्या वळणाचे. आणि ज्या ठिकाणी मराठी खास मराठी आहे नेमक्या त्या ठिकाणी ती घसरते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद आहे. ऐकणाऱ्याला वगळायचे की सामावून घ्यायचे हे आपण प्रत्येक वाक्यात ठरवत असतो. इंग्रजीला हा भेद ठाऊक नाही. आमच्या एका विद्यार्थ्याने निरोप समारंभाचे भाषण इंग्रजी प्रॉम्प्ट देऊन मराठीत करून घेतले. त्यात ‘आपण आज या महाविद्यालयाचा निरोप घेत आहोत’ असे वाक्य आले, आणि समोर बसलेले सगळे अध्यापकही निरोप घ्यायला निघाल्यासारखे झाले. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात दोष नाही. दोष दिसण्यासाठी मराठी कानाची गरज आहे.

दुसरे उदाहरण क्रियापदाच्या लिंगाचे. विद्यार्थिनीने आत्मनिवेदनपर लेख मागितला आणि आपण मुलगी असल्याचे सांगितले नाही, तर यंत्र बहुधा ‘मी गेलो, मी घाबरलो’ असे लिहून मोकळे होते. ही चूक सुधारायला सूत्र पुरे आहे असे कोणी म्हणेल: भूमिकेत ‘स्त्री’ असे नमूद करा. पण कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत मुली आणि बाया ‘मी येतो’, ‘मी जातो’ असेच बोलतात. तिकडची विद्यार्थिनी आपल्या आजीचे बोलणे लिहीत असेल तर तेथे ‘जातो’ हेच बरोबर आहे, आणि यंत्राने ‘सुधारून’ दिलेले ‘जाते’ ही चूक आहे. एकच रूप एका ठिकाणी यंत्राचे अज्ञान असते आणि दुसऱ्या ठिकाणी बोलीचे वैभव. हा विवेक कोणत्या प्रॉम्प्टमध्ये भरणार? तो विद्यार्थ्याच्या डोक्यात असेल तरच प्रॉम्प्टमध्ये उतरेल. तीच गोष्ट शेतीच्या अवजारांची. वखर लिहावे की कुळव, हे निवेदक विदर्भ-खानदेशातला आहे की पश्चिम महाराष्ट्रातला यावर ठरते. यंत्र ‘शेतीची अवजारे’ असे लिहून दोन्ही टाळते, आणि ज्याच्या घरात वखर आहे तो विद्यार्थीही, छापील मराठीचा दबदबा मनात असल्याने, ‘शेतीची अवजारे’ हेच अधिक साहित्यिक समजून ठेवून देतो.

ही शेवटची गोष्ट आम्हांला सर्वांत गंभीर वाटते. प्रमाणभाषेच्या दडपणाखाली आपली बोली गिळून टाकणाऱ्या मुलांना ‘तुझा शब्द लिही’ असे सांगण्यासाठी मराठीच्या अध्यापकांनी आणि ग्रामीण व दलित साहित्याने पन्नास वर्षे खर्च केली. आता तेच दडपण चोवीस तास खिशात बसले आहे, ते कधी रागावत नाही, उलट गोड बोलते. त्याला कसे विचारावे हे शिकवणे आणि त्याने दिलेले कसे नाकारावे हे न शिकवणे, याला आम्ही शिक्षण म्हणणार नाही.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. ते तीन प्रकारचे आहे आणि त्यांतले एकही उडवून लावण्यासारखे नाही.

पहिले म्हणणे रोजगाराचे. वृत्तसंस्थांत, जाहिरातक्षेत्रात, अनुवादाच्या कामांत ही साधने वापरली जात आहेत. आमचा विद्यार्थी मागे का राहावा? राहू नये, हे मान्यच. पण या क्षेत्रांत मराठी जाणणाऱ्या माणसाला जे काम उरते ते यंत्राने दिलेला मजकूर तपासण्याचे, त्यातला खोटा तपशील पकडण्याचे, त्याची चाल मराठी करण्याचे आहे. प्रॉम्प्ट तर मालकही देऊ शकतो. पगार द्यायचा झाला तर तो निकाल देणाऱ्या डोळ्याला. तो डोळा मुद्रितशोधनाच्या आणि अनुवादाच्या जुन्या तासांत घडत होता. त्या तासांची जागा प्रॉम्प्टच्या सूत्रांना देणे म्हणजे रोजगाराच्या नावाखाली रोजगारक्षमता घालवणे होय.

दुसरे म्हणणे समतेचे, आणि ते आमच्या मनाला अधिक भिडते. शहरातल्या, इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हे सारे घरबसल्या मिळते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या, घरात पुस्तक नसलेल्या मुलाला यंत्र हा पहिलाच असा शिक्षक मिळाला आहे जो कितीही वेळा विचारले तरी हसत नाही. हे खरे आहे. रोमन लिपीत, जमेल तसे मराठी टंकून आपल्या शंका विचारणारी मुले आम्ही रोज पाहतो, आणि त्यांच्या हातातून ते साधन काढून घ्यावे असे आम्हांला कधीही वाटले नाही. परंतु समतेचा हाच युक्तिवाद पुढे नेला तर तो आमच्या बाजूचा आहे. ज्याच्या घरी पुस्तके आहेत त्याला यंत्राचे उत्तर ताडून पाहण्याचे अन्य मार्ग आहेत. ज्याच्याकडे नाहीत तो पूर्णतः त्या उत्तराच्या हवाली होतो. महाविद्यालयाचा वर्ग हीच त्याची पुस्तके गाठण्याची एकमेव संधी, आणि ते तीस तासही आपण यंत्रालाच वाहणार असू तर विषमता कमी होईल की पक्की होईल?

तिसरे म्हणणे सर्वांत बुद्धिमान आहे. प्रॉम्प्ट हेही लेखनच आहे, त्यात हेतू आहे, वाचकाचे भान आहे, पुनर्लेखन आहे, तेव्हा प्रॉम्प्ट शिकवणे म्हणजे लेखनच शिकवणे, असे ते म्हणतात. यावर आमचे उत्तर असे की लेखनात पुनर्लेखन करणारा स्वतःच्या वाक्याशी भांडतो. वाक्य अडते तेव्हा बहुतेक वेळा विचारच अडलेला असतो, आणि त्या अडण्यातून तो पुढे जातो. प्रॉम्प्ट देणाऱ्याचे वाक्य अडत नाही, कारण ते त्याला लिहावेच लागत नाही. तो दुसऱ्याच्या वाक्यांतून निवड करतो. निवड करणे हेही मोलाचे काम आहे, संपादक तेच करतात. पण उत्तम संपादक तोच होतो ज्याने कधीतरी स्वतः लिहिताना रात्र घालवली आहे. लेखनाआधी संपादन शिकवता येत नाही.

दुसऱ्या टोकाला आमचे काही ज्येष्ठ सहकारी आहेत, ज्यांना हा सगळा प्रकार बंदीने सुटेल असे वाटते. त्यांनाही आमचा पाठिंबा नाही. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणारी यंत्रे विश्वासार्ह नाहीत. ओपनएआयने स्वतःचे असे साधन अपुऱ्या अचूकतेमुळे जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. अशा साधनाच्या भरवशावर एखाद्या प्रामाणिक मुलीवर चोरीचा आळ घेणे हा अन्याय होईल. शिवाय घरून लिहून आणायच्या निबंधाची पवित्रता यंत्राने भंग केली असे मानणे हा भाबडेपणा आहे. तो निबंध यंत्र येण्याच्या किती तरी आधीपासून गाईडातून उतरत होता. यंत्राने फक्त उतरवण्याचे श्रमही वाचवले.

मग करायचे काय? सुदैवाने विचारण्याची एक दीर्घ आणि श्रेष्ठ परंपरा मराठी गद्याच्या मुळाशीच आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा जमवल्या त्या विचारून. नागदेवाचार्यांना विचारले, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून विचारले, आणि जेथे सांगणाऱ्यांत मतभेद आढळला तेथे तो मतभेदही नोंदवून ठेवला. आद्य मराठी गद्यग्रंथ म्हणून आपण ज्याचा गौरव करतो त्या ‘लीळाचरित्रा’मागे विचारणे, ताडून पाहणे आणि पाठभेद न लपवणे ही पद्धत उभी आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली ती धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपात. त्यातला धोंडिबा माहिती मागून गप्प बसत नाही. मिळालेल्या उत्तरातून त्याची पुढची शंका निघते आणि ग्रंथ त्या शंकांच्या आधारे पुढे सरकतो. पूर्वपक्ष आधी नीट मांडून मगच त्याचे खंडन करण्याची शास्त्रीय शिस्त तर आणखी जुनी. परिष्करण शिकवायचे तर याहून चांगली पाठ्यपुस्तके कोणती?

आणि विरोधाभास असा की जेथे प्रॉम्प्टचा अभ्यासक्रम सुरू झाला अशा एका महाविद्यालयात त्याच वर्षी मध्ययुगीन गद्याचा ऐच्छिक विषय विद्यार्थिसंख्येअभावी बंद पडला. तो शिकवणारे अध्यापक तासिका तत्त्वावर होते. ते आता प्रॉम्प्टची पाच अंगे शिकवतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही, घर चालवायचे असते. दोष त्या धोरणाचा, ज्यात विचारण्याचा सर्वोत्तम मराठी ग्रंथ अनावश्यक ठरतो आणि विचारण्याचे नमुने कौशल्य ठरतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले. ज्या ग्रंथांच्या बळावर तो मिळाला ते ग्रंथ वर्गातून जात आहेत.

टीका केली तर पर्यायही द्यावा, म्हणून आमचा प्रस्ताव मांडतो. तीस तास आहेत तर ते असे वापरावेत. पहिले दहा तास यंत्र बंद. एक लहान संहिता घ्यावी, ‘लीळाचरित्रा’तील काही लीळा किंवा ‘गुलामगिरी’तील एखादे प्रकरण. प्रत्येक विद्यार्थ्याने तिच्यावर वीस प्रश्न काढावेत आणि त्यांतले पंधरा स्वतःच रद्द करून, का रद्द केले ते एकेका वाक्यात लिहावे. दुसरे दहा तास यंत्रासमोर. उरलेले पाच प्रश्न विचारावेत, प्रत्येक प्रश्नाची प्रत्येक आवृत्ती जपून ठेवावी, आणि प्रश्न बदलताना संहितेतील कोणत्या जागेमुळे बदलला हे पृष्ठांकासह नोंदवावे. ‘अधिक सखोल कर’ यासारख्या सूचनेला शून्य गुण. शेवटचे दहा तास पुन्हा यंत्र बंद. यंत्राच्या उत्तराचे खंडन विद्यार्थ्याने वर्गात बसून, हाताने, आपल्या मराठीत लिहावे: काय खोटे आहे, काय पोकळ आहे, कोठे बोलीचा बळी गेला आहे, आणि काय खरोखर उपयोगी पडले. पन्नास गुणांपैकी दहा प्रश्नांना, वीस खंडनाला आणि वीस तोंडी परीक्षेला. तोंडी परीक्षेत प्रश्न विद्यार्थ्याने परीक्षकाला विचारावेत. या आराखड्याला नवी यंत्रसामग्री लागत नाही, आणि उद्या प्रारूपे बदलली तरी यातले एक अक्षरही शिळे होत नाही.

‘प्रॉम्प्ट’ला मराठी प्रतिशब्द कोणता, यावर अलीकडे चर्चा चालते. सूचना, आज्ञा, पृच्छा असे पर्याय सुचवले जातात. आमचे मत जुन्या ‘पुसणे’ या क्रियापदाच्या बाजूने आहे. म्हाइंभटांच्या मराठीत पुसणे म्हणजे विचारणे, आणि आजच्या मराठीत पुसणे म्हणजे खोडून स्वच्छ करणे. फळ्यासमोर उभे राहणाऱ्यांना हे दोन्ही अर्थ हवेत. यंत्राला पुसावे आणि त्याने दिलेल्यातले निःसंकोचपणे पुसावे. आजच्या अभ्यासक्रमांत पहिला अर्थ तेवढा आहे. दुसरा अर्थ शिकवण्यासाठी साहित्याचा अध्यापक लागतो, आणि तो वर्गात टिकवायचा असेल तर अभ्यासमंडळांनी प्रॉम्प्ट-लेखनाच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला एक मूळ संहिता बंधनकारक करावी. एवढी अट घातली गेली तर आमचा या अभ्यासक्रमांना असलेला विरोध उद्याच संपेल.